एरर कुठल्या पानावर आहे?

बारावीचा निकाल लागला की महिनाभर मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. यंदाचा पहिला कराडच्या चुलत बहिणीचा. "दादा, पोरीला बीसीएसला घातलंय. एखादं चांगलं पुस्तक सांग, सुट्टीत वाचून काढेल." वाचून काढेल, इथेच खरी गोम आहे. इतिहासाचं पुस्तक वाचून काढता येतं. प्रोग्रॅमिंगचं पुस्तक वाचून काढलेली मुलं मी पंधरा वर्षं प्रॅक्टिकलला बघतोय. वहीत त्यांचं सगळं बरोबर असतं आणि मशीनवर काहीच चालत नाही.

प्रॅक्टिकलचे दोन तास जवळून बघा. प्रोग्रॅम टाइप करायला दहा मिनिटं जातात आणि उरलेला सगळा वेळ एररसमोर. टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर सातवी ओळ उजळते आणि खाली मेसेज येतो: स्टेटमेंटमध्ये सेमिकोलन नाही. मुलगी सातव्या ओळीकडे टक लावून बसते. तिथे सेमिकोलन आहे, ढळढळीत आहे. नसलेला सेमिकोलन सहाव्या ओळीच्या शेवटी असतो. कंपायलरला तो सातवी ओळ सुरू झाल्यावर जाणवतो, म्हणून तो सातवीकडे बोट दाखवतो. इतकी साधी गोष्ट, पण ती सांगणारं पान बहुतेक पुस्तकांत नसतं. तिथे छापलेले सगळे प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालतात.

म्हणून पुस्तक पारखायची माझी एकच रीत आहे. चुकलेला प्रोग्रॅम त्यात कितव्या पानावर भेटतो ते बघायचं. या गजाने मोजलं की नावाजलेली काही पुस्तकं खाली येतात आणि काही अनपेक्षितपणे वर चढतात.

सुरुवात सी पासूनच करायला हवी, कारण आपल्याकडे बहुतेक अभ्यासक्रम अजून तिथूनच सुरू होतात. ब्रायन कर्निहन आणि डेनिस रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' १९७८ साली आलं, दुसरी आवृत्ती १९८८ ची. लेखकांपैकी रिची हे खुद्द सी भाषेचे जनक, आणि तरी पुस्तक तीनशे पानांच्या आत. 'हॅलो, वर्ल्ड' छापणारा प्रोग्रॅम जगभर रुळला तो याच पुस्तकामुळे. त्याच्याखाली जो पहिला स्वाध्याय आहे तो मात्र फारसं कोणी करत नाही. त्यात सांगितलंय की हा प्रोग्रॅम चालवा, मग त्यातले तुकडे मुद्दाम काढून टाका आणि कुठले एरर येतात ते बघा. म्हणजे पहिलंच काम, चालत्या गाडीचे नटबोल्ट सैल करून बघणं! आमच्याकडे हा स्वाध्याय जर्नलमध्ये आलेला मी कधी पाहिला नाही. येणार तरी कसा, त्याला 'आउटपुट' काय लिहायचं?

पण या पुस्तकाची शिफारस मी डोळे झाकून करत नाही. ते आधी थोडंफार प्रोग्रॅमिंग केलेल्यासाठी आहे आणि लेखकांनी ते लपवलेलंही नाही. वाक्य न वाक्य घट्ट विणलेलं. नवख्याला पहिल्या प्रकरणातच धाप लागते. दुसऱ्या सेमिस्टरला मात्र ते हातात असायलाच हवं. लागोपाठच्या अनेक स्पेसेसच्या जागी एकच ठेवणारा प्रोग्रॅम लिहा, असा एक स्वाध्याय पहिल्या प्रकरणात आहे. वाचताना तो क्षुल्लक वाटतो, लिहायला बसलं की अर्धा दिवस खातो.

नवख्यांची ही गरज आपल्याकडे भागवली नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी. त्यांचं 'लेट अस सी' वापरलं नाही असा टर्बो सीच्या पिढीतला इंजिनिअर शोधूनच काढावा लागेल. इंग्रजी सोपं, वाक्यं छोटी आणि लहेजा क्लासमधल्या सरांचा. मराठी किंवा हिंदी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीतून तांत्रिक काही वाचून समजू शकतं, हा आत्मविश्वास या पुस्तकाने दिला. त्याचं मोल मोठं आहे, आणि या पुस्तकावर नाक मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये. उणं बघायचं तर त्याच्या जुन्या आवृत्त्या टर्बो सीच्या जगातल्या. तिथे पूर्णांक दोन बाइटचा आणि ३२,७६७ च्या पुढे गेला की उलटा फिरणारा. नंतरच्या आवृत्त्या बदलल्या, पण हॉस्टेलमध्ये हातोहात फिरणारी प्रत बहुधा जुनीच असते.

त्या काळाने आणखी एक खोड लावली, 'आउटपुट सांगा' या प्रश्नांची. एकाच ओळीत एकाच व्हेरिएबलला मागून-पुढून ++ लावायचं आणि उत्तराचे चार पर्याय द्यायचे. सीच्या प्रमाणित नियमांनुसार असल्या ओळीला ठरलेलं उत्तरच नाही. एक कंपायलर एक आकडा देईल, दुसरा दुसरा, आणि दोघेही निर्दोष. तरी परीक्षेत आणि कॅम्पस इंटरव्ह्यूत हे प्रश्न वर्षानुवर्षं विचारले गेले. ज्याला हे कोडं सुटतं त्याला प्रोग्रॅमिंग येतं, या समजाने एक अख्खी पिढी चुकीच्या जागी घाम गाळत राहिली.

आयआयटी कानपूरच्या व्ही. राजारामन यांची फोरट्रानवरची स्वस्त पुस्तकं आणि ई. बालगुरुसामींचं ॲन्सी सीवरचं पुस्तक ही या वाटेवरची आणखी दोन ठाणी. दोन्ही नीटस, अभ्यासक्रमाला धरून. आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ज्यांच्या थप्प्या लागतात, ती 'लोकल ऑथर' पुस्तकं? सिलॅबसच्या क्रमाने प्रश्न आणि खाली उत्तरं. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांच्याइतका सखा नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. पण एररच्या गजाने मोजायचं तर तिथे मोजायलाच काही नाही.

गेल्या काही वर्षांत शिकण्याची सुरुवात पायथॉनवर सरकली आणि माझ्या मते चांगलं झालं. सेमिकोलन गेला, कंस कमी झाले, आणि चूक झाली की निदान कुठल्या ओळीवर गाडी अडली ते कळतं. पुस्तकांचाही इथे सुकाळ आहे. ॲलन डाउनी यांच्या 'थिंक पायथॉन'ची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. डाउनींनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी जावावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि कोणीही बदलावं, वाटावं अशी मुभा देऊन ते मोकळं सोडलं. व्हर्जिनियातल्या जेफ एल्कनर नावाच्या शाळामास्तरांनी ते उचललं आणि पायथॉनमध्ये उतरवलं. ज्या लेखकाचं पुस्तक, तोच मग त्या शिक्षकाच्या आवृत्तीवरून पायथॉन शिकला. आज ते नेटवर फुकट वाचता येतं. माझ्या यादीत ते वर आहे ते फुकट म्हणून नाही, तर प्रकरणागणिक शेवटी डीबगिंगवर एक भाग आहे म्हणून. या प्रकरणातलं शिकताना तुम्ही कुठे पडणार आणि पडल्यावर काय तपासायचं, हे तिथे लिहिलेलं आहे.

ज्याला इंजिनिअर व्हायचं नाही, पण रोज संगणकावर काम आहे, त्याच्यासाठी ॲल स्वाइगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथॉन'. पहिली आवृत्ती २०१५ ची, हेही नेटवर फुकट. शेकडो फाइलींची नावं एका दमात बदलणं, एक्सेलच्या पत्रकांतून हवे ते रकाने उचलणं, पीडीएफ जोडणं अशी कामं त्यात आहेत. शाळेत सातवीच्या चार तुकड्यांचे गुण एका तक्त्यात आणणारा क्लार्क किंवा मेंटेनन्सच्या थकबाकीचे ईमेल पाठवणारे सोसायटीचे सेक्रेटरी यांना पहिल्या महिन्यात उपयोगी पडेल असं हे एकच पुस्तक मला ठाऊक आहे. यातही डीबगिंगला स्वतंत्र प्रकरण आहे. एरिक मॅथिस यांचं 'पायथॉन क्रॅश कोर्स' आणि बंगळुरूच्या स्वरूप यांचं छोटेखानी 'अ बाइट ऑफ पायथॉन' हीही बरी आहेत. तिन्ही-चारही आणून ठेवू नका. एक घ्या आणि त्याच्या पानांना कान पडू द्या.

आता जरा आडवाट. 'हाऊ टु डिझाइन प्रोग्रॅम्स' हे फेलायसन, फिंडलर, फ्लॅट आणि कृष्णमूर्ती या चौघांचं पुस्तक २००१ साली आलं. भाषा स्कीमच्या घराण्यातली, म्हणजे नोकरीच्या जाहिरातीत कधी न दिसणारी. पण चुकांचा इतका विचार केलेलं दुसरं पुस्तक मी पाहिलेलं नाही. प्रोग्रॅम लिहिण्याआधी उदाहरणं लिहायची हा त्यांचा दंडक: काय दिलं की काय यायला हवं, हे आधी कागदावर. मग कोड. म्हणजे चूक झाली हे शोधायला सरांची वाट बघावी लागत नाही, तुमचंच उदाहरण तुम्हाला खोटं पाडतं. सोबतच्या डॉक्टर रॅकेट या साधनात विद्यार्थ्यांसाठी भाषेच्या मुद्दाम छाटलेल्या पायऱ्या आहेत. नवख्याने भलतंच काही टाइप केलं तर मोठ्या भाषेत ते चुकून वैध ठरून वेगळाच एरर येतो. छाटलेल्या भाषेत त्याला कळेल असाच येतो. एरर मेसेजसुद्धा शिक्षकाने लिहायची गोष्ट आहे, हे मला इथे पहिल्यांदा उमगलं.

याचं थोरलं भावंड म्हणजे ॲबेलसन आणि सस्मन यांचं 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स', १९८५ चं, एमआयटीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गातून आलेलं. कड्यावर कडा चढवत ते वाचकाला भाषेचा दुभाषा स्वतः लिहायला लावतं. या पुस्तकाची पूजा करणारे पुष्कळ आणि पुरं करणारे मोजके. मी तिसऱ्या प्रकरणात दोनदा थांबलो आहे, सांगायला लाज नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीच्या हातात ते देऊ नये. गणित आवडत असेल तर तिसऱ्या वर्षी द्यावं.

आपल्या अंगणात काय आहे? पुष्कळ आहे, आणि त्याची खबर फार थोड्यांना आहे. आयआयटी मुंबईच्या अभिराम रानडे यांचं सी प्लस प्लसवरचं 'ॲन इंट्रोडक्शन टु प्रोग्रॅमिंग थ्रू सी प्लस प्लस' आधी घ्या. ते 'हॅलो, वर्ल्ड'ने सुरू न होता कासवाने सुरू होतं. 'सिंपलसीपीपी' नावाची एक लायब्ररी सोबत आहे. तिच्यातलं कासव पडद्यावर रेघ ओढत चालतं. शंभर पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असं चार वेळा केलं की चौरस. साठऐवजी एकशेवीस अंशांत वळलं तरच त्रिकोण होतो, हे मुलांना कागदावर पटत नाही. कासव भरकटलं की पटतं. चूक इथे मेसेज होऊन येत नाही, चित्र होऊन येते. कासवाची कल्पना जुनी आहे, १९६७ च्या लोगो भाषेच्या कुळातली. त्या भाषेच्या निर्मात्यांतले सीमोर पॅपर्ट यांचं १९८० चं 'माइंडस्टॉर्म्स' शिक्षकांनी जरूर वाचावं. मूल चूक दुरुस्त करता करता शिकतं, हे त्यात पोटतिडकीने मांडलंय.

दुसरं धन म्हणजे आयआयटी मुंबईचाच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, पडद्यावर प्रत्यक्ष काम आणि कानावर मराठी. पडद्यावरचं इंग्रजी तसंच राहतं, आवाज तेवढा मराठी होतो. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते, कारण कोड इंग्रजीतच लिहायचाय, समजून मात्र आपल्या भाषेत घ्यायचाय. सी, जावा, पायथॉन, लिनक्स, पीएचपी असं बरंच काही आहे. सी च्या पहिल्याच पाठात सांगणारी व्यक्ती प्रोग्रॅम चालवून दाखवते आणि मग त्यातला शेवटचा महिरपी कंस पुसून टाकते. आता काय होतं बघू, म्हणते. एरर येतो, तो वाचला जातो, कंस परत घातला जातो. कर्निहन-रिचींचा तो पहिला स्वाध्याय, मराठीतून! निवेदनाचा आवाज काही ठिकाणी सपाट आहे, काही पाठ जुन्या आवृत्त्यांवर आहेत. चालायचंच. व्हिडिओ थांबवत शेजारी स्वतः टाइप करायचं ही अट पाळली तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या क्लासची फी वाचते.

एनपीटेलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथॉन आणि अल्गोरिदमचा अभ्यासक्रम आहे. शांत, नेमका, आणि दर आठवड्याला गृहपाठ. हार्वर्डचा सीएस फिफ्टी दिसायला झगमगीत, पण त्यातले गृहपाठ खरे कस लावणारे. दोन्ही फुकट ऐकता येतात. बाकी यूट्यूबवर 'एका व्हिडिओत पूर्ण पायथॉन' छापाचा जो महापूर आहे, त्यात पोहायला हरकत नाही. फक्त बघण्याला शिकणं म्हणू नये. पीटर नॉर्व्हिग यांनी २००१ मध्ये एका निबंधात दुकानातल्या 'चोवीस तासांत शिका' छाप पुस्तकांची खिल्ली उडवून दहा वर्षांचा हिशेब मांडला होता. आता तर चोवीस तासही लोकांना जास्त वाटतात.

वेबची वाट धरायची असेल तर मारेन हावरबेके यांचं 'इलोक्वंट जावास्क्रिप्ट' नेटवर फुकट आहे आणि फ्रीकोडकॅम्प आहे. कोडी आवडत असतील तर प्रोजेक्ट ऑयलर, किंवा मुंबईच्या डिरेक्टी कंपनीने २००९ मध्ये सुरू केलेलं कोडशेफ. तिथे 'राँग आन्सर' एवढंच उत्तर मिळतं, का चुकलं ते नाही. वर्षभर शिकलेल्याला हा व्यायाम उत्तम, नवख्याचं मात्र खच्चीकरण.

एवढं झालं की पुस्तकांचा दुसरा मजला लागतो. जॉन बेंटली यांचं 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स', १९८६ चं. त्यात बेंटली सांगतात की कसलेल्या प्रोग्रॅमरना त्यांनी बायनरी सर्च लिहायला दिलं आणि बहुतेकांचं चुकलं. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधलं पान उघडतो, मग अर्ध्याचं अर्धं, तेवढीच ही युक्ती. पुढची गंमत अशी की २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी लिहिलं, खुद्द बेंटलींच्या पुस्तकातल्या प्रोग्रॅममध्ये आणि ब्लॉक यांनीच जावासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही एक किडा वर्षानुवर्षं दबा धरून होता. मधली जागा काढायला खालचा आणि वरचा क्रमांक मिळवून दोनाने भागायचं, ही आपल्या शाळेतली सरासरी. पण यादी प्रचंड असली तर ती बेरीजच २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाते, चार बाइटच्या पूर्णांकात मावत नाही आणि ऋण होते. उपाय सोपा: वरच्यातून खालचा वजा करा, निम्मं करा आणि खालच्यात मिळवा. डोनाल्ड क्नूथ तर १९६८ पासून निघत असलेल्या आपल्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'मध्ये चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक पाठवत. लोक तो वटवत नसत, फ्रेम करून भिंतीवर लावत. क्नूथचे खंड विकत घ्यावेत, कपाटात ठेवावेत, अधूनमधून उघडावेत. सलग वाचायची शिफारस मी कोणाला करणार नाही.

आणि एआय? हा प्रश्न आता प्रत्येक फोनमध्ये असतोच. २०२२ च्या अखेरीला चॅटजीपीटी आलं आणि पुस्तकच कशाला, असं पालक विचारू लागले. माझी तक्रार त्याने खोटं सांगण्याची नाही, ते दिवसेंदिवस कमी होतंय. तक्रार अशी की एरर मुलीने धड वाचायच्या आतच तो पुसला जातो. एरर चिकटवला, दुरुस्त कोड उचलला, पुढे. मी वर्गात एवढंच बंधन घालतो: त्याला कोड मागायचा नाही, मेसेजचा अर्थ मराठीत समजावून मागायचा. तेवढ्यापुरतं ते कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं शिकवतं, रात्री दोनलाही शिकवतं आणि वैतागत नाही.

मराठी पुस्तकांबद्दल लिहिताना हात जड होतो. अच्युत गोडबोल्यांनी 'संगणकयुग'सारख्या पुस्तकांतून संगणकाचं जग मराठीत आणलं, पण हातात कीबोर्ड देऊन शेवटपर्यंत चालवणारं, आजच्या भाषेवरचं जाडजूड मराठी पुस्तक मी सुचवू शकत नाही. अडचण परिभाषेची नाही. व्हेरिएबलला 'चल' म्हणा असं कोणी सांगू लागलं की मुलं हसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. शब्द इंग्रजी राहू देत, दृष्टांत इथले हवेत. ॲरे म्हणजे चाळ: एका ओळीत सारख्या खोल्या, फक्त पहिल्या खोलीचा नंबर शून्य. पॉइंटर म्हणजे खोली नव्हे, खोलीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी फाडली म्हणून खोली पडत नाही. खोली पडली तरी चिठ्ठी खिशात राहते, आणि तीच घेऊन कोणी दार ठोठावायला गेलं की प्रोग्रॅम कोसळतो.

शिवाय आपल्या लिपीतच अस्सल स्वाध्याय दडलेले आहेत. पायथॉनला '१२३' हा देवनागरी मजकूर संख्येत बदलायला सांगा, बिनतक्रार बदलतो. तोच आकडा थेट कोडमध्ये देवनागरीत लिहा, एरर. असं का, यावर एक तास सहज जातो.

कराडच्या भाचीला मी शेवटी 'थिंक पायथॉन'चा दुवा पाठवला, 'स्पोकन ट्युटोरियल'चे पहिले चार पाठ बघायला सांगितले आणि एक गृहपाठ दिला: 'क्षितिज' या शब्दाची लांबी पायथॉनला विचार. रात्री तिचा मेसेज आला. "मामा, सात म्हणतोय. अक्षरं तीनच आहेत ना?" मी लिहिलं, मोज. क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. बराच वेळ काही आलं नाही. मग तिने शब्द उलटा करून छापला होता त्याचा फोटो आला. तिला वाटलं होतं 'जतिक्षि' येईल. स्क्रीनवर होतं 'जितिष्क'. खाली तिने लिहिलं होतं, "थांब, सांगू नकोस."